मोडलेल्या पायाचा जमाखर्च

(रुग्णालयाच्या वार्षिक देणगीदार मेळाव्यात प्रशासन विभागातर्फे केलेले भाषण)



दरवर्षी या प्रसंगी आम्ही आपल्यासमोर संपूर्ण वर्षाचा जमाखर्च ठेवतो. तो अहवालात छापलेला आहेच. लेखापरीक्षकांचे प्रमाणपत्रही सोबत आहे. त्यामुळे आज ते आकडे पुन्हा वाचून आपला वेळ घेणार नाही. त्याऐवजी एकाच विषयाचा जमाखर्च आपल्यापुढे मांडण्याची परवानगी मागतो. तो विषय म्हणजे अपघातात गंभीर जायबंदी झालेला पाय आणि त्याच्या उपचारासाठी उभा करावा लागणारा पैसा.

हाच विषय का, असे कोणी विचारील. हृदयविकार, कर्करोग, मूत्रपिंडाचे आजार हे अधिक भयंकर आहेत, हे मान्य. परंतु पायाच्या दुखापतीचे एक वेगळेपण आम्हा हिशेबाच्या माणसांना रोज जाणवते. हा रुग्ण बहुधा कमावता असतो. दुचाकीवरून कामाला निघालेला कारागीर, उसाच्या ट्रॉलीखाली आलेला मजूर, बांधकामावरून पडलेला गवंडी. त्याच्या जिवावरचे संकट पहिल्या एक-दोन दिवसांत टळते, म्हणून गावाला वाटते की प्रसंग निभावला. खरा प्रसंग तेथून पुढे सुरू होतो, आणि त्या वेळी मदतीचा हात बहुधा मागे गेलेला असतो.

आम्ही डॉक्टर नव्हे. तरीही अस्थिरोग विभागातील सहकाऱ्यांकडून जे शिकलो, ते थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण त्यावाचून पैशाचे गणित उलगडत नाही.

नडगीचे हाड पुढच्या बाजूने थेट कातडीखाली असते. मध्ये मांसाचे आवरण नाही. त्यामुळे जोराचा आघात झाला की कातडी फाटून हाड उघडे पडते, माती आत जाते आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते. रक्तवाहिनी तुटली असेल तर साधारण सहा तासांच्या आत रक्तपुरवठा पूर्ववत करावा लागतो. म्हणूनच पहिली शस्त्रक्रिया जखम धुणे, मेलेले मांस काढणे आणि बाहेरून सळया लावून हाड स्थिर करणे एवढ्यापुरती असते. त्यानंतर प्लास्टिक सर्जन मांसाचा किंवा कातडीचा तुकडा आणून हाड झाकतात. मग आतून सळई बसवणे, हाडाचे रोपण करणे आणि शेवटी व्यायामोपचार. साधा अस्थिभंग काही महिन्यांत जुळतो. उघड्या आणि चुराडा झालेल्या अस्थिभंगास वर्ष लागले तरी नवल नाही.

हाडाचा तुकडाच गळून पडला असेल तर सैबेरियातील कुर्गान येथील डॉ. गाव्रील इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकात विकसित केलेली रिंगांची पद्धत उपयोगी पडते. रुग्ण किंवा त्याचा नातेवाईक दिवसातून चार वेळा पाव मिलीमीटर याप्रमाणे स्क्रू फिरवतो. म्हणजे दिवसाला १ मिलीमीटर नवे हाड. ६ सेंटीमीटरची उणीव भरून काढायला ६० दिवस लागतात. ते कोवळे हाड घट्ट होण्यास त्याहून कितीतरी अधिक काळ जातो. दर सेंटीमीटरमागे साधारण एक ते दीड महिना रिंग पायावर राहते, असे धरले तर हा रुग्ण सहा ते नऊ महिने रिंग घालून घरी असतो. सळया जेथे कातडीतून आत जातात ती जागा रोज स्वच्छ करावी लागते. त्या एका कामात हयगय झाली तरी सगळी मेहनत वाया जाण्याची भीती असते.

आता पैशाकडे वळू. अपघाताच्या दिवशी आमच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नसते. भावकी येते, मालक येतो, गणेश मंडळाची पोरे येतात, मुंबईतल्या चाकरमान्यांच्या ग्राममंडळाचा फोन येतो. दोन दिवसांत वर्गणी जमते. कोणी गाय विकायला काढतो, कोणी मंगळसूत्र गहाण ठेवण्याची तयारी दाखवतो. आपल्या समाजातील हे दातृत्व पाहून मन भरून येते. परंतु हा सगळा पैसा पहिल्या आठवड्यात येतो आणि पहिल्या आठवड्यातच संपतो. दुसऱ्या महिन्यात त्याच घरातील माणूस ड्रेसिंगला येण्यासाठी भाड्याचे पैसे कोठून आणायचे या विवंचनेत असतो, आणि त्या वेळी व्हरांडा रिकामा असतो.

एका काल्पनिक कुटुंबाचे गणित मांडून पाहू. आकडे उदाहरणादाखल आहेत. समजा, रुग्णाची मजुरी दिवसाला ५०० रुपये आणि महिन्याला २६ दिवस काम. आठ महिने तो घरी बसला तर बुडालेला रोजगार १,०४,००० रुपये. ड्रेसिंग, औषधे आणि व्यायामोपचार यांस महिना १,५०० धरले तर १२,००० रुपये. रुग्ण व सोबतचा एक माणूस यांच्या एका खेपेचे जाण्यायेण्याचे ४०० रुपये आणि अशा ३० खेपा, म्हणजे आणखी १२,००० रुपये. उपचारासाठी प्रत्यक्ष लागणारी रक्कम २४,००० रुपये, महिन्याला ३,००० रुपये. ज्या घरात मजुरी चालू आहे त्या घराला ही रक्कम ओढाताण करून का होईना, पेलते. ज्या घरात ती थांबली आहे, तेथे ३,००० रुपये हा डोंगर असतो. मग खेप चुकते, दोन खेपा चुकतात, जखमेतून पाणी येऊ लागते, आणि लाखो रुपये खर्चून वाचवलेला पाय काही हजारांसाठी हातचा जाण्याची वेळ येते.

या ठिकाणी शासन आणि कायदा काय देतो, हे स्पष्ट करणे आमचे कर्तव्य आहे. बऱ्याच कुटुंबांना ते ठाऊक नसते.

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ४१ अ अ आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वर्ग करावी लागते. तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार देणे हेही बंधन आहे. उत्पन्नाच्या मर्यादा वेळोवेळी बदलतात, म्हणून चालू मर्यादा आमच्या समाजसेवा विभागात विचारून घ्यावी.

२०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि पुढे राज्यभर पोहोचलेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. २०२३ च्या शासननिर्णयाने तिची व्याप्ती सर्व शिधापत्रिकाधारकांपर्यंत वाढली आणि संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये झाले. अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. पहिली भेट त्यांची घ्यावी. रस्त्यावरील अपघातांसाठी केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये रोकडविरहित उपचाराची योजना अधिसूचित केली. तिच्यात अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, नियुक्त रुग्णालयांत उपचार मिळतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली गंभीर दुखापतीबद्दल, समोरच्याची चूक सिद्ध न करताही, अडीच लाख रुपयांची भरपाई मागता येते. धडक देऊन पळालेल्या अज्ञात वाहनाच्या प्रकरणात ५०,००० रुपयांची तरतूद आहे.

याखेरीज अपघात विमा आहे. बँकेच्या खात्यातून वर्षाला २० रुपये वळते करून मिळणाऱ्या पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत एक पाय कायमचा निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. शेतकऱ्यांसाठी असलेल्या गोपीनाथ मुंडे अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतही एक अवयव निकामी झाल्यास १ लाख रुपये आहेत. या सर्व योजना स्तुत्य आहेत. तरीही हिशेबाच्या वहीत त्या शेजारी शेजारी मांडल्या की मधली रिकामी जागा दिसू लागते. उपचारयोजना शस्त्रक्रियेचा खर्च देते. विमा पाय गेल्याचे पैसे देतो. न्यायाधिकरणाची भरपाई निकालानंतर हाती येते. जो पाय वाचण्याच्या मार्गावर आहे, त्याच्या मधल्या सहा-आठ महिन्यांचे भाडे, ड्रेसिंग आणि चूल यांची सोय यांपैकी कोणत्याच रकान्यात बसत नाही. ती जागा समाजानेच भरावयाची आहे.

आणखी एक नाजूक मुद्दा आहे. पाय वाचवायचा की काढायचा? हा निर्णय वैद्यकीय आहे आणि तो वैद्यकीयच राहिला पाहिजे. कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलमधील डॉ. राजशेखरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उघड्या अस्थिभंगासाठी एक गुणांकन २००६ साली प्रसिद्ध केले. कातडी, हाड आणि स्नायू यांच्या इजेला व रुग्णाच्या इतर व्याधींना गुण देऊन बेरीज करायची. १४ किंवा त्याहून कमी गुण असल्यास पाय वाचवण्याचा प्रयत्न करावा, १७ किंवा त्याहून अधिक असल्यास काढण्याचा विचार करावा, आणि मधल्या प्रकरणांत अनुभवी शल्यविशारदांनी प्रत्येक रुग्ण स्वतंत्रपणे पाहावा, असे ते साधन आहे. त्या बेरजेत रुग्णाच्या खिशाला गुण नाहीत, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

अमेरिकेतील आठ अपघात-उपचार केंद्रांमधील ५६९ रुग्णांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. पाय वाचवलेले आणि पाय काढलेले रुग्ण दोन वर्षांनंतर दैनंदिन जीवनात जवळजवळ सारख्याच स्थितीत होते, असा त्याचा निष्कर्ष होता. पाय काढणे म्हणजे आयुष्य संपणे नव्हे, हे त्यावरून कळते. ज्यांची परिस्थिती खालावलेली होती त्यांच्या बाबतीत आढळलेल्या कारणांत कमी शिक्षण, आरोग्यविमा नसणे, पाठीशी माणसांचा आधार नसणे, धूम्रपान आणि पुन्हा दाखल व्हावे लागणे ही होती. यांतील बहुतेक कारणे शस्त्रक्रियागृहाच्या बाहेरची आहेत. तेथे शल्यविशारदांचे हात पोहोचत नाहीत, आपले पोहोचू शकतात.

ज्यांचा पाय काढावाच लागतो त्यांच्यासाठी आपल्या देशात मोठी परंपरा आहे. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६० च्या दशकात घडवलेला जयपूर फूट आज सर्वांना ठाऊक आहे. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून तो मोफत बसवून देते. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून जखमी सैनिकांसाठी उभे आहे. मुंबईत हाजी अलीला पुनर्वसनासाठी राष्ट्रीय संस्था आहे. मात्र कृत्रिम पायही एकदा बसवला की काम संपत नाही. तो झिजतो, ठिगूर बारीक होते, मापे बदलतात. त्यालाही पुढचा खर्च आहेच. आमची धडपड एवढ्यासाठी आहे की, पाय काढायचा झाला तर तो जखमेमुळे काढावा, भाड्याला पैसे नाहीत म्हणून नव्हे.

आता रुग्णांच्या नातेवाईकांसाठी काही सूचना.

पहिले ४८ तास जमीन, जनावर किंवा दागिना विकू नये. घाईत विकलेल्या वस्तूला निम्मा भाव येतो, आणि योजनेची मंजुरी आल्यावर कदाचित ती विकण्याची गरजच उरत नाही. शिधापत्रिका, आधारकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, पोलिसांचा प्रथम खबरी अहवाल व पंचनाम्याची प्रत एका पिशवीत ठेवावी. प्रत्येक पावती त्याच पिशवीत जावी. मेडिकल स्टोअरची ४० रुपयांची पावतीही टाकून देऊ नये, कारण पुढे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात हीच कागदे बोलतात. दावा दाखल करण्यास विलंब करू नये. रुग्णाला तंबाखू आणि विडी नेऊन देऊ नये. तिच्यामुळे हाड जुळण्यास वेळ लागतो, आणि लांबलेला प्रत्येक महिना पुन्हा खर्चाचा महिना असतो.

वर्गणी मागताना आमच्याकडून एका पानाचे अंदाजपत्रक मागून घ्यावे. त्यात तीन भाग असतात: पहिली शस्त्रक्रिया, पुढील शस्त्रक्रिया, आणि घरी राहण्याचे महिने. पहिल्या दोन भागांसाठी योजनेतून किती मिळणार हे त्यातच लिहिलेले असते. वर्गणी तिसऱ्या भागासाठीही मागावी आणि त्या भागाची रक्कम पहिल्या आठवड्यात हात न लावता बाजूला ठेवावी. आज इंटरनेटवरूनही लोकवर्गणी जमते. तिचा उपयोग जरूर करावा. मात्र रक्कम शक्यतो रुग्णालयाच्या खात्यात जमा होईल असे पाहावे, म्हणजे देणाऱ्याला पावती मिळते आणि गावात शंकेला जागा राहत नाही. मुख्यमंत्री सहाय्यता निधी आणि श्री सिद्धिविनायक मंदिर न्यास यांच्याकडेही अर्ज करता येतो. त्यासाठी लागणारे डॉक्टरांचे पत्र व खर्चाचे प्रमाणपत्र आमचा समाजसेवा विभाग देतो.

देणगीदार बंधु-भगिनींना एक नम्र विनंती. आपल्यापैकी अनेकांची इच्छा असते की, आपले पैसे अमुक एका रुग्णासाठीच वापरावेत आणि त्याचा फोटो अहवालात छापावा. त्यामागील भावना आम्ही जाणतो. डोळ्यांसमोर माणूस असला की हात सहज खिशाकडे जातो. परंतु नावाने दिलेली देणगी बहुधा ज्याची जखम अधिक भयंकर दिसते त्याच्याकडे जाते. कोपऱ्यातल्या खाटेवर रिंगा लावून निमूट पडलेला, चौथ्या महिन्यात पुन्हा आलेला रुग्ण कोणाच्या नजरेस पडत नाही. शिवाय ज्याने पाहुण्यांसमोर कधी हात पसरला नाही, त्याच्या उघड्या जखमेचे छायाचित्र छापून पैसा उभा करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. त्याच्या मुलीच्या सोयरिकीच्या वेळी ते छायाचित्र कोणाच्या हाती असेल, याचाही विचार करावा लागतो. म्हणून या अहवालात एकाही रुग्णाचे छायाचित्र वा नाव नाही. त्याऐवजी हिशेब आहे, आणि तो कोणत्याही कार्यालयीन दिवशी येऊन तपासता येईल.

विश्वस्त मंडळापुढे आमचा प्रस्ताव असा आहे. 'पुढील उपचार निधी' या नावाने स्वतंत्र खाते उघडावे. निर्धन रुग्ण निधीच्या कायदेशीर खात्याशी त्याची सरमिसळ होऊ नये. या निधीतून फक्त घरी गेलेल्या रुग्णाच्या गरजा भागवाव्यात: ये-जा, ड्रेसिंग, औषधे, कुबड्या किंवा वॉकर, व्यायामोपचार आणि आवश्यक तेथे महिन्याचा शिधा. रक्कम रोख न देता टप्प्याटप्प्याने द्यावी आणि प्रत्येक टप्पा त्या त्या खेपेच्या नोंदीशी जोडावा. रुग्णाने ठरलेली खेप चुकवली तर समाजसेवकाने दुसऱ्याच दिवशी फोन करावा. आमच्या मते या निधीचे सर्वांत मोठे काम तो फोन हेच ठरेल. एका रुग्णासाठी उभी केलेली रक्कम शिल्लक राहिली तर ती कुटुंबाच्या लेखी संमतीने पुढच्या रुग्णाकडे वळवावी आणि मूळ देणगीदारांना तसे कळवावे.

याला दोन आक्षेप घेतले जातील, हे आम्ही जाणतो. पहिला असा की, शिधा आणि भाडे देणे हे रुग्णालयाचे काम नव्हे. त्यावर आमचे म्हणणे इतकेच की, ज्या शस्त्रक्रियेवर आपण लाखांनी खर्च करतो तिचे फळ भाड्याच्या ४०० रुपयांवर अवलंबून असेल, तर ते ४०० रुपये शस्त्रक्रियेच्याच खर्चात धरले पाहिजेत. दुसरा आक्षेप गैरवापराचा. तो योग्य आहे, आणि म्हणूनच रोख रक्कम, सरमिसळ आणि तोंडी मंजुरी या तीनही गोष्टी प्रस्तावात टाळल्या आहेत.

मघाच्या उदाहरणात महिना ३,००० रुपये आले होते. एका देणगीदाराने, एका मंडळाने किंवा एका कुटुंबाने वर्षातून एकदा एवढी रक्कम दिली, तर एका पायाचा एक महिना सावरतो. आठ घरे एकत्र आली तर एक माणूस आपल्या पायांवर उभा राहतो. लग्नाचा वाढदिवस, वडिलांचे वर्षश्राद्ध, मुलाची पहिली पगाराची तारीख, निमित्त कोणतेही असो. देणगी धनादेशाने किंवा बँकेमार्फत द्यावी, कारण २,००० रुपयांवरील रोख देणगीस आयकरात सवलत मिळत नाही. कमी रकमेची देणगीही आम्ही तितक्याच आदराने स्वीकारतो आणि तिचीही पावती देतो.

बरा झालेला रुग्ण बहुधा आपल्याला भेटायला येत नाही. तो कामावर गेलेला असतो आणि त्याने तसेच जावे, हीच आपली इच्छा आहे. आपण दिलेल्या पैशाचे फळ एखाद्या बांधावर, एखाद्या परातीवर किंवा एखाद्या एस.टी.च्या पायरीवर असेल. ते आपल्याला दाखवता येणार नाही. आमच्या वहीत मात्र त्या खात्यासमोर 'उपचार पूर्ण' असे दोन शब्द लिहिलेले असतील. येत्या वर्षी ते दोन शब्द अधिकाधिक पानांवर लिहिण्याची संधी आपण आम्हांस द्यावी, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.